२६ जानेवारीच्या जोडसुट्टीत हर की दूनचा सराव कसा करावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे : पुण्यातले चार मित्र, तिशी-पस्तिशीचे. मेच्या अखेरीस उत्तराखंडातल्या हर की दून खोऱ्यात जाणार, तेही खेचर नाही, पोर्टर नाही, तंबू आणि शिधा सगळं आपापल्या पाठीवर. आजवरचा अनुभव म्हणजे एक-एक दिवसाचे किल्ले आणि एकदा कात्रज ते सिंहगड. २६ जानेवारी सोमवारी आल्यामुळे सलग तीन दिवस मिळताहेत, त्यात पंधरा-पंधरा किलो घेऊन राजगड–तोरणा–रायगड मारायचा बेत आहे. तेवढा सराव पुरेल का, वजन किती ठेवावं, एकाचा गुडघा उतारावर दुखतो त्याचं काय, आणि काठी एक घ्यावी की दोन?

बरीच वर्षं लोकांना सॅक घेऊन डोंगरात नेतोय, त्यामुळे हा प्रश्न दर हिवाळ्यात कुणी ना कुणी विचारतंच. विचारणाऱ्याचा रोख बहुतेक वेळा 'कुठला ट्रेक करू' यावर असतो. त्याआधी एक गोष्ट ठरवायला हवी, की या तीन दिवसांकडून तुम्हाला नेमकं काय हवंय.

दम हवा असेल तर तो तीन दिवसांत वाढत नाही. तीन दिवसांत माणूस फक्त थकतो. शरीर थकव्यातून सावरतं आणि सावरताना थोडं बळकट होतं, आणि त्याला आठवडे लागतात. दम वाढवायचं काम साध्या रविवारी सिंहगडावर होतं, सोसायटीच्या जिन्यात होतं, पर्वतीच्या पायऱ्यांवर होतं. जोडसुट्टीचा उपयोग वेगळा आहे. एका दिवसाच्या ट्रेकमध्ये जी गोष्ट कधीच कळत नाही ती इथे कळते : दुसऱ्या दिवशी सकाळी, मांड्या भरून आलेल्या असताना, खांद्यावर कालचे वळ असताना, तीच सॅक पुन्हा पाठीला लावून सात तास चालता येतं का. हर की दूनला तुम्हाला अशा चार-पाच सकाळी सलग काढायच्या आहेत. म्हणून या सुट्टीचा सगळा आराखडा दुसऱ्या दिवसाभोवती बांधा.

या नजरेतून पाहिलं की राजगड–तोरणा–रायगड मला बाद वाटतो. ट्रेक उत्तम आहे, वाद नाही. पण तोरण्यावरून मोहरीकडे गेल्यावर कोकणात उतरायला नाळ, म्हणजे कड्यातली अरुंद घळ लागते. लिंगाण्याच्या शेजारची बोराट्याची नाळ म्हणजे सुट्या दगडधोंड्यांचा उभा उतार आहे. तिथे पंधरा किलोची सॅक पाठीमागून ढकलत असते आणि वरच्याच्या पायाखालून सुटलेला दगड खालच्याच्या डोक्याकडे येतो. ज्यांनी सॅक घेऊन सलग दोन दिवस कधी चालून पाहिलं नाही त्यांनी तिसऱ्या दिवशी तिथे पोहोचू नये. शिवाय त्या टप्प्यात कुणाचा पाय मुरगळला तर बाहेर पडायला सोपी वाट नाही. आणि मुख्य म्हणजे हर की दूनची वाट तशी नाहीच. तालुका नावाच्या गावाहून ओसला गावाकडे आणि तिथून पुढे नदीच्या खोऱ्याने जाणारी ती लांबलचक, चढउताराची, पण पायाखाली मळलेली वाट आहे. तिथे कस लागतो तो तासांचा आणि वजनाचा. सरावही तसाच हवा.

नुसता राजगड–तोरणा चालेल का? चालेल, आणि एक मोठी सोयही आहे : राजगडाच्या संजीवनी माचीच्या अळू दरवाजातून उतरून तोरण्याच्या बुधला माचीकडे जाताना मधल्या खिंडीत डांबरी रस्ता आडवा येतो, म्हणजे कुणाला जमलं नाही तर तिथून सुटका. पण जोडसुट्टीला राजगडावर जत्रा असते. बुधल्याखालच्या खडकाळ टप्प्यावर रांग लागते. रांगेत सॅक घेऊन उभं राहणं हा सराव नव्हे.

तुमच्या जागी मी असतो तर रतनवाडी–कात्राबाई–हरिश्चंद्रगड–खिरेश्वर धरला असता. रतनगड करायचा नाही. लोखंडी शिड्यांवर मोठी सॅक नुसती अडचण करते आणि त्या दिवशी शिड्यांवर गर्दी हमखास.

पहिला दिवस. शुक्रवारी रात्री निघून संगमनेर–अकोले–राजूर–भंडारदरा करत पहाटे रतनवाडीत. अमृतेश्वराचं देऊळ पाहा, वनखात्याच्या नाक्यावर पावती करा आणि गावातून वाटाड्या घ्या. रतनगडाच्या वाटेने रानात शिरल्यावर कात्राबाईची वाट फुटते. तिथून खिंडीपर्यंत गुरांच्या वाटा इतक्या आहेत की मोबाइलच्या नकाशावर भरवसा ठेवून अर्धा दिवस घालवणारे गट मी पाहिलेत. खिंडीत कात्राबाईचं ठाणं आहे, वाटाडे तिथे नमस्कार करून परत फिरतात. पैसे आधी ठरवा आणि त्याला कुमशेतपर्यंत चल म्हणा. सॅक घेऊन, जेवणाची विश्रांती धरून, दिवस पुरतो. मुक्काम कुमशेतमध्ये, कुणाच्या अंगणात विचारून तंबू लावायचा.

दुसरा दिवस सगळ्यात मोठा, मुद्दाम. कुमशेतहून मुळा नदीचं पात्र ओलांडून पाचनई, दुपारचं जेवण तिथे, आणि मग हरिश्चंद्रगडाचा चढ. पाचनईची वाट गडाच्या सगळ्या वाटांत सोपी, कातळाच्या पोटातून जाणारी आडवी वाट आणि मग ओढ्याकाठचा हलका चढ. पण ती तुम्ही दुसऱ्या दिवशी दुपारनंतर चढणार आहात, हीच तर परीक्षा. एरवी दोन-अडीच तासांची वाट तुम्हाला साडेतीन तास घेईल. घेऊ द्या. गडावर मुक्कामाचे आणि तंबूचे नियम वेळोवेळी बदलतात, म्हणून निघण्याआधी पाचनईतल्या कुणाला तरी फोन करून विचारा. मुक्कामाला मनाई असेल तर पाचनईतच तंबू लावून संध्याकाळी पूर्ण वजनानिशी गड चढून उतरा. कोकणकडा बघायचाच असेल तर सॅक देवळापाशी एकाला राखायला बसवून जा, माकडं चेन उघडतात.

तिसरा दिवस उताराचा. तोलार खिंडीकडे जाताना आधी बऱ्याच टेकाडांचा चढउतार, मग कातळटप्पा, मग खिंड आणि खाली खिरेश्वर. कातळटप्प्यावर सॅक पुढे ओढते, तोंड कड्याकडे करून उतरा. खिरेश्वरहून पिंपळगाव जोगा धरणाच्या कडेने खुबी फाटा, तिथून आळेफाट्याकडे जाणारी एसटी. आपली गाडी रतनवाडीत ठेवू नका, ती आणायला चौथा दिवस लागेल.

या वाटेची खरी सोय वेगळीच आहे. रोज संध्याकाळी तुम्ही रस्त्याला लागलेल्या गावात किंवा त्याच्या आसपास असता. कुमशेतला जीप मिळते, पाचनईला मिळते. ज्याला पुढे जमणार नाही त्याने लाज न बाळगता तिथून राजूर गाठायचं. ही मुभा आधीच बोलून ठेवा, म्हणजे कुणी दुखणं लपवून चालत राहणार नाही. उत्तराखंडात खोऱ्यात आत शिरल्यावर ही मुभा नसते. म्हणून माणूस कुठे थांबतो ते इथेच कळलेलं बरं.

आता वजन. पंधरा किलो हा आकडा कुठून आला ते लिहिलेलं नाही, बहुतेक कुणीतरी सांगितलेला असावा. हिशेब करून बघा. रिकामी सॅक पावणेदोन-दोन किलो, दोघांत एक तंबू धरला तर प्रत्येकी सव्वा किलो, स्लीपिंग बॅग दीड, कॅरीमॅट अर्धा, कपडे आणि पावसाचं सामान अडीच, पाच दिवसांचा कोरडा शिधा तीन-साडेतीन, शेगडी-भांडी-गॅसचा वाटा पाऊण, पाणी दीड, आणि औषधं-टॉर्च-पॉवरबँक वगैरे एक. पावणेचौदा ते साडेचौदा होतात. म्हणजे मेमध्ये तुमची सॅक पहिल्या दिवशी चौदाच्या आसपास असायला हवी आणि रोज सहा-सातशे ग्रॅमनी हलकी होत जायला हवी. साठ किलोच्या माणसाला तेवढंही जड आहे. वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या वर जाऊ नये असा ढोबळ नियम मी पाळतो, तेव्हा तुमच्यातल्या हलक्या माणसाचा शिधा जड माणसाने घ्यावा. यात समानतेचा आग्रह धरू नका.

जानेवारीत मात्र नऊ-दहा किलोवर थांबा. पहिल्याच खेपेला पूर्ण वजन घेतलं तर तुम्हाला फक्त एवढंच कळेल की पंधरा किलो जड असतात. वजन वाढवायला विटा, तांदूळ, डंबेल्स घालू नका, पाण्याच्या बाटल्या घाला. एक लिटर म्हणजे एक किलो, मोजायला सोपं, आणि गुडघा कुरकुरायला लागला तर उताराच्या तोंडाशी ओतून देता येतं. डंबेल ओतता येत नाही.

वजनापेक्षा ते कुठे टेकलंय हे महत्त्वाचं. सॅक पाठीवर घेतल्यावर सगळे पट्टे सैल करा. कमरेच्या दोन्ही बाजूंना हाताला लागणारं हाड शोधा आणि कंबरपट्ट्याची गादी बरोबर त्या हाडावर येईल असा पट्टा आवळा. बहुतेक लोक तो बेंबीवर, पोटावर आवळतात, मग तो घसरतो आणि सगळा भार खांद्यांवर येतो. कंबरपट्टा बसल्यावरच खांद्याचे पट्टे ओढायचे, तेही खांद्याला नुसते चिकटतील इतकेच. शेवटी खांद्यावरून सॅकच्या माथ्याकडे जाणारे छोटे पट्टे ताणून सॅक पाठीशी आणा. बरोबर बसली असेल तर खांदा आणि पट्टा यांच्यात दोन बोटं सहज जातात. शिधा आणि पाणी पाठीला लागून, खांद्याच्या पात्यांच्या पातळीला ठेवा, स्लीपिंग बॅग तळाशी. चालायला लागल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी एकदा सगळ्यांनी थांबायचं आणि पट्टे, लेस, मोजे नीट करून घ्यायचे. तिथे कुणी 'मला काही नाही, चला' म्हणालं तरी थांबायचं.

मांड्यांबद्दल एक गोष्ट सांगतो, कारण जोडसुट्टीचा शरीराला होणारा खरा फायदा तिथे आहे. चढताना दम लागतो, पण स्नायूंना मार बसतो तो उतारावर. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक मारत असतो. त्याचं दुखणं लगेच येत नाही, चोवीस तासांनी वाढतं आणि दोन दिवसांनी शिगेला पोहोचतं. पण एकदा असा मार खाल्लेला स्नायू पुढचे काही आठवडे तेवढ्याच उताराला बराच कमी दुखतो. म्हणून उतार टाळू नका, टप्प्याटप्प्याने वाढवा. सिंहगडला आतकरवाडीतून चढून वरून जीपने खाली येणारे पुष्कळ आहेत. तुम्ही चालत उतरा.

ज्याचा गुडघा दुखतो त्याच्यासाठी हेच, पण सावकाश. दुखणं वाटीच्या आसपास, फक्त उतारावर आणि दुसऱ्या दिवशी जाणारं असेल तर बहुतेकदा मांडीचे आणि कुल्ल्याचे स्नायू कमी पडताहेत असं निघतं. एका पायरीवर उभं राहून दुसरी टाच हळूहळू जमिनीला टेकवायची आणि वर यायचं, हा व्यायाम रोज दोन्ही पायांनी करा. उतरताना पावलं लहान टाका, पाय ताठ ठेवून आपटू नका. सूज येत असेल, गुडघा अडकत असेल किंवा मध्येच दगा देत असेल, तर मात्र माझं उत्तर बाजूला ठेवून आधी अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवा. आणि त्याची सॅक जानेवारीत सहा किलोच्या वर नको, मग मित्र काहीही म्हणोत.

आता चौघांबद्दल. मित्रांच्या गटात भांडण सामानावरून होत नाही, वेगावरून होतं. नेहमीचं दृश्य असं : पुढचे दोघे सपासप चढतात, सावलीत बसतात, पाणी पितात, फोटो काढतात. मागचा घामाघूम होऊन पोहोचतो, आणि तो आला की पुढचे उठतात, 'चला, आला हा.' म्हणजे ज्याला विश्रांतीची सगळ्यात जास्त गरज त्याला ती कधीच मिळत नाही, आणि संध्याकाळपर्यंत तो गळतो. उपाय साधा आहे. विश्रांतीची दहा मिनिटं शेवटचा माणूस सॅक उतरवून बसल्यापासून मोजायची. सगळ्यात मंद माणूस पुढून दुसरा ठेवायचा, आणि सगळ्यात दमदार माणूस टेलला, म्हणजे शेवटी. वेग इतकाच, की चढावर पूर्ण वाक्य न तुटता बोलता यावं. दमदार माणसाला याचा कंटाळा येईल, त्याच्या सॅकमध्ये तंबू घाला.

पायाला कुठे चटका लागल्यासारखं वाटलं की त्याच मिनिटाला बूट काढून कापडी चिकटपट्टी लावा. मुक्कामावर पोहोचल्यावर बघू म्हटलं की फोड आलेला असतो. दुपारच्या जेवणाला बूट-मोजे काढून पाय कोरडे करा, दुसरे मोजे घाला. बूट नवे असतील तर या ट्रेकला नव्हे, आजपासून ऑफिसला घालायला लागा.

जेवणाबाबत एक आग्रह. कुमशेतला आणि पाचनईला पिठलं-भाकरी सुरेख मिळते आणि गावाला दोन पैसेही मिळतात, तेव्हा सकाळचा नाश्ता नाहीतर दुपारचं जेवण तिथे जरूर घ्या. पण दोन्ही रात्रींचा स्वयंपाक स्वतःच्या शेगडीवर करा. दमून आल्यावर, काळोखात, वारा असताना, हेडटॉर्चच्या उजेडात खिचडी शिजवायला किती वेळ आणि किती गॅस लागतो हे मेमध्ये कळून उपयोग नाही. गॅसचा डबा आधी आणि नंतर स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला, म्हणजे पाच दिवसांचा हिशेब हातात येईल. तसे डबे विमानात चालत नाहीत आणि रेल्वेतही नेऊ नयेत, ते डेहराडूनला घ्यावे लागतील. पाणी प्रत्येकी तीन लिटर ठेवा. जानेवारीपर्यंत डोंगरावरचे ओढे आटत आलेले असतात, गावातली विहीर दिसली की भरून घ्या.

मग जानेवारी ते मे काय करायचं? आत्तापासून दर रविवारी सिंहगड, सहा किलोंपासून सुरू करून दर दोन आठवड्यांनी किलो-किलो वाढवत, आणि आठवड्यातून दोनदा जिना. जोडसुट्टीच्या आधीचा आठवडा हलका ठेवा, नंतरचे चार-पाच दिवस तर काहीच नको. मग गुड फ्रायडेच्या जोडसुट्टीत असाच दोन रात्रींचा ट्रेक, या वेळी तेरा किलो आणि मेमध्ये नेणार तेच सामान. तेव्हा सह्याद्री तापलेला असतो, पहाटे पाचला चालायला लागून दहाच्या आत सावलीत यायचं. एप्रिलअखेर वजन वाढवणं थांबवा. शेवटचे दोन आठवडे नुसते हलके चाला.

एक गोष्ट मात्र या सगळ्या सरावातून मिळणार नाही, ती म्हणजे उंची. कळसूबाई १,६४६ मीटर, हरिश्चंद्रगड १,४२४. हर की दून साडेतीन हजारांच्या घरात आहे. विरळ हवेची सवय इथे राहून होत नाही, आणि सह्याद्रीत सगळ्यात पुढे पळणाऱ्यालाच तिथे डोकेदुखी-मळमळ होते असं मी बऱ्याचदा पाहिलंय, कारण तो तिथेही पळतो. तिथला बेत आखताना एक जादा मुक्काम ओसलाच्या आसपास ठेवा. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये हा सर्वमान्य सल्ला आहे. डोकं दुखत असताना वर चढायचं नाही, दुखणं वाढलं तर खाली यायचं.

राहिली काठी. दोन घ्या. चढावर एकीनेही भागतं, पण सॅक घेऊन उतरताना एकाच बाजूला काठी असली की शरीर तिकडे कलतं आणि दुसऱ्या गुडघ्यावर जास्त भार येतो. चढाला काठी आखूड, कोपर काटकोनात येईल इतकी. उताराला चार-पाच बोटं लांब. हाताच्या पट्ट्यात मनगट खालून वर घाला, म्हणजे भार मुठीवर न येता मनगटावर येतो. तोलार खिंडीच्या कातळटप्प्याशी आल्यावर मात्र दोन्ही काठ्या घडी घालून सॅकच्या आत टाका. बाहेर लटकवल्या तर त्या दगडात अडकतात, आणि तिथे तुम्हाला दोन्ही हात मोकळे लागतील.